लाकूड, सरस आणि प्लास्टिक

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दी वर्षाच्या या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास अशा विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्यांच्या मागोमाग लाकडी फळ्या आणि त्या चिकटवणारी द्रव्ये असा विषय घेऊन उभा राहणारा मी, लग्नाच्या पंगतीत करवत आणि रंधा घेऊन शिरलेल्या सुतारासारखा दिसत असेन. परंतु या आमंत्रणाला कारण आहे. आपल्या वास्तूवर नवा मजला चढतो आहे. तेथे बालविभाग, अभ्यासिका आणि दुर्मीळ ग्रंथांचे दालन व्हायचे आहे. आश्रयदात्यांनी त्यासाठी सढळ हाताने देणग्या दिल्या आहेत, आणि मांडण्या व कपाटे कशाची करावीत हा प्रश्न कार्यकारी मंडळापुढे आहे. दुकानदार मंडळी प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, डब्ल्यूपीसी अशी नावे घेत नमुने दाखवून गेली. त्यांपैकी एकाने सांगितले की, "हा बोर्ड प्लास्टिकने चिकटवलेला आहे; याला वास नाही, याला पाणी लागत नाही." या विधानात तथ्य किती, याचा उलगडा सभासदांसमोरच व्हावा अशी कार्यवाहांची इच्छा. नोकरीची बहुतेक वर्षे मी प्लायवूडच्या कारखान्यात, रेझिन विभागात काढली. तेव्हा हा उलगडा करणे मला माझे कर्तव्य वाटते.

बडोद्यात असा विषय परका मानण्याचेही कारण नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण करून संस्थानात ग्रंथालयांची चळवळ उभी केली, हे आपण जाणताच. त्याच्या वीस वर्षे आधी, १८९० साली, त्यांनी याच शहरात कलाभवन स्थापन केले होते. त्याचे पहिले प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. गज्जर हे गुजरातेत सुतारांचे आडनाव. पुस्तक आणि हुन्नर यांत महाराजांनी भेद केला नाही. आजच्या भाषणाला तेवढा आधार पुरेसा आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. अखंड लाकडाची फळी ही जिवंत वस्तूसारखी वागते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. हे फुगणे-आकसणे रेषांच्या लांबीच्या दिशेने नगण्य, पण रेषांच्या आडव्या दिशेने बरेच असते. म्हणून रुंद फळी वाकते, पिळते किंवा तडकते. यावर माणसाने जुना उपाय शोधला. लाकडाचे पातळ पापुद्रे काढायचे, एकाच्या रेषा उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या अशा रीतीने ते एकावर एक ठेवायचे आणि चिकटवायचे. प्रत्येक पापुद्रा शेजाऱ्याला आवरून धरतो. हेच प्लायवूड. लाकडाच्या तुकड्यांची जुळणी केली की पार्टिकल बोर्ड, आणि लाकडाचे तंतू सुटे करून दाबले की एमडीएफ. या सर्वांत लाकूड दुय्यम प्रतीचे चालते. साग लागत नाही. परंतु फळीचे आयुष्य, तिचा वास, तिची पाण्यातली टिकाऊ शक्ती, हे सारे चिकटद्रव्यावर ठरते. ग्राहक लाकूड पाहून फळी विकत घेतो. त्याने चिकटद्रव्य पाहून ती विकत घ्यावी, असे माझे म्हणणे आहे.

चिकटद्रव्यांच्या दोन जाती आहेत, आणि त्या समजल्या की आजचा निम्मा विषय समजला. पहिली जात चिक्कीच्या गुळासारखी. गूळ तापवला की पाक होतो, थंड झाला की कडक होतो, पुन्हा तापवला की पुन्हा पाक. यात कितीही वेळा पुढे-मागे जाता येते. अशा पदार्थांना उष्णतामृदू, म्हणजेच थर्मोप्लास्टिक म्हणतात. दुसरी जात कुंभाराच्या मडक्यासारखी. कच्चे मडके पाण्यात विरघळून पुन्हा चिखल होते. परंतु एकदा भट्टीतून निघालेले मडके फुटेल, पण पुन्हा चिखल होणार नाही. अशा पदार्थांना उष्णतादृढ, म्हणजेच थर्मोसेटिंग म्हणतात. पहिल्या जातीत रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींशेजारी नुसत्या पडून असतात. उष्णता मिळाली की त्या सरकू लागतात. दुसरीत उष्णतेने साखळ्यांमध्ये आडवे बंध तयार होऊन सर्वांचे एकच जाळे बनते, आणि जाळे झाले की परतीची वाट बंद होते.

आपल्या जुन्या कारागिरांचा भर पहिल्या जातीवर होता. जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला सरस गरम असताना पातळ होतो आणि थंड होताच थिजतो. लाखेचेही तसेच. कट्यारीची आणि सुरीची मूठ लाख वितळवून, ती पोकळीत भरून बसवीत. आपल्या जिल्ह्याशेजारच्या संखेड्यात, आणि तिकडे कोकणात सावंतवाडीला, चरकावर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाने उष्णता निर्माण होते, लाख वितळते, लाकडावर पसरते आणि जागीच थंड होऊन घट्ट बसते. तेथे विद्रावक लागत नाही आणि रासायनिक क्रियाही नसते. वितळवणे, पसरवणे आणि थंड करणे या तीन पायऱ्यांतच सारे काम उरकते. आज प्रयोगशाळांत प्लास्टिकने लाकूड चिकटवण्याचे जे प्रयोग चालतात, त्यांतील मूळ कृती हीच आहे.

मग कारखान्यांनी दुसरी जात का स्वीकारली? कारण पाणी आणि उष्णता. सरस ओला झाला की सुटतो, आणि त्याला बुरशीही लागते. दुधातील केसीनपासून केलेले चिकटद्रव्य त्याहून बरे, पण दमट हवेत त्याचीही परीक्षा होते. दुसऱ्या महायुद्धात 'मॉस्किटो' हे ब्रिटिश लढाऊ विमान लाकडाचे व प्लायवूडचे बनवलेले होते. १९४४ साली भारत व ब्रह्मदेश आघाडीवरील काही विमानांच्या पंखांचे जोड उघडे पडले आणि ती विमाने काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. दोष आमच्या हवेचा, चिकटद्रव्याचा, की कारखान्यातील जोडकामाचा, यावर तेव्हा बराच खल झाला. जोड निसटला तर फळीला अर्थ उरत नाही, एवढा बोध मात्र निर्विवाद होता.

उष्णतादृढ रेझिनांनी हे दुखणे बऱ्याच अंशी दूर केले. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली फिनॉल आणि फॉर्मॅल्डिहाइड यांपासून बेकेलाइट तयार केले. त्याच कुळातील फिनॉलिक रेझिनांनी पुढे पाण्यात टिकणारे प्लायवूड दिले. युरिया आणि फॉर्मॅल्डिहाइड यांच्या संयोगाने होणारे रेझिन त्याहून स्वस्त, रंगाने फिकट आणि दाबयंत्रात झटपट घट्ट होणारे. जगातील बहुसंख्य पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ त्यानेच बांधले जातात. आपल्या बाजारात एमआर म्हणून मिळणारे प्लायवूडही बहुधा युरिया रेझिनाचे असते. बीडब्ल्यूआर आणि मरीन या प्रतींना फिनॉलिक अथवा तत्सम मजबूत रेझिन लागते. मरीन प्लायवूडच्या तुकड्याला भारतीय मानकाप्रमाणे ७२ तास उकळत्या पाण्यात काढावे लागतात.

स्वस्ताईची किंमत मात्र कोठेतरी चुकवावी लागते. युरिया रेझिनाचे बंध ओलावा आणि उष्णता यांनी हळूहळू तुटतात आणि त्यातून फॉर्मॅल्डिहाइड वायू पुन्हा मोकळा होतो. नवे कपाट उघडले की डोळे चुरचुरतात, घशाला खवखव होते, तो हाच वायू. आम्ही ज्या दाबयंत्रांच्या दालनात काम करीत असू, तेथे पाळीच्या अखेरीस कामगारांचे डोळे लाल झालेले असत. नवा मुलगा विचारी, "काका, हे रोजचंच का?" आणि जुना कामगार त्याला गार पाण्याने डोळे धुवायला सांगे. याहून अधिक उपाय कोणाजवळ नव्हता. पुढे २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने फॉर्मॅल्डिहाइडचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. २०१० साली त्याच संघटनेने घरातील हवेसाठी दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर निर्वासितांना दिलेल्या फिरत्या घरांत हा वायू इतका साचला की लोक आजारी पडू लागले. २००८ साली सरकारी आरोग्य केंद्राने केलेल्या मोजणीत त्याचे सरासरी प्रमाण हवेच्या अब्ज भागांत ७७ भाग आढळले. त्यानंतर तेथे व युरोपात फळ्यांतून सुटणाऱ्या वायूवर कडक मर्यादा आल्या. बाजारात ई-१, ई-० असे शिक्के दिसतात, ते या मर्यादांशी निगडित आहेत.

आता लक्षात येईल की थर्मोप्लास्टिककडे पुन्हा लक्ष का गेले. ज्यात फॉर्मॅल्डिहाइडच नाही, त्यातून ते सुटणार तरी कसे?

एक थर्मोप्लास्टिक आपण सारेच ओळखतो. सुताराच्या डब्यातले पांढरे द्रव्य म्हणजे पॉलिव्हिनाइल असिटेट. आपल्याकडे १९५९ पासून ते फेव्हिकॉल या नावाने मिळते आणि आता ते नाव सामान्यनामच झाले आहे. पाण्यात प्लास्टिकचे सूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी लाकडात शोषले गेले व हवेत उडाले की कण एकमेकांत मिसळून अखंड पापुद्रा होतो. लाकडाशी त्याचे चांगले जमते, कारण दोघांच्याही रेणूंना पाण्याची ओढ आहे. उणीव अशी की, सुमारे ३० ते ४० अंश सेल्सिअसला ते मऊ पडू लागते. बडोद्याचा उन्हाळा ४२-४४ अंशांना जातो. खुर्चीच्या चुलीत, म्हणजे खाच-सालीच्या जोडात, लाकूडच लाकडाला धरून असते, म्हणून तेथे ते उत्तम चालते. परंतु वर्षानुवर्षे एकाच दिशेने ओझे पेलणाऱ्या जोडात ते हळूहळू सरकते. या सरकण्यामुळे निव्वळ त्याच्यावर विसंबून ओझ्याची फळी बांधत नाहीत.

दुसरे उमेदवार म्हणजे पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन. पॉलिइथिलीन १९३३ साली इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत अनपेक्षितपणे हाती लागले. पुढे १९५३-५४ च्या सुमारास कार्ल त्सिगलर आणि जुलिओ नाट्टा यांच्या उत्प्रेरकांमुळे त्याचा घट्ट प्रकार आणि पॉलिप्रॉपिलीन यांची वाट मोकळी झाली; दोघांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बडोदेकरांना ही नावे नवी नाहीत. १९६९ साली स्थापन झालेल्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनच्या येथील संकुलातून दोन्ही प्लास्टिके निघू लागली. २००७ साली ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. येथील कित्येक मराठी कुटुंबांची चूल त्या नोकरीवर पेटली आहे.

या प्लास्टिकाने प्लायवूड करण्याची पद्धत ऐकायला अगदी सोपी. लाकडाच्या दोन पापुद्र्यांमध्ये पॉलिइथिलीनचा पातळ पडदा ठेवायचा. ना रेझिन शिजवणे, ना मैदा-कडकीची भर, ना रुळावरून चिकटद्रव्य लावणे. गठ्ठा तापलेल्या दाबयंत्रात घालायचा. पातळ पिशव्यांचे पॉलिइथिलीन सुमारे १०५ ते ११५ अंशांना, घट्ट प्रकारचे सुमारे १३० अंशांना आणि पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० ते १६५ अंशांना वितळते. वितळलेले प्लास्टिक दाबाखाली लाकडाच्या नळ्यांत व भेगांत शिरते. थंड झाले की ते तेथे हजारो बारीक खुंट्यांप्रमाणे अडकून बसते. पॉलिइथिलीन पाणी शोषत नाही, त्यामुळे जोडाच्या रेषेत ओल मुरत नाही. फॉर्मॅल्डिहाइडचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय अशी फळी पुन्हा तापवून पापुद्रे सुटे करता येतात, म्हणजे मोडीत निघालेल्या फळीचा पुन्हा उपयोग होऊ शकतो. चीनमध्ये पॉप्लरच्या पापुद्र्यांवर असे बरेच अभ्यास झाले असून, कोरड्या जागी वापरण्याजोगी ताकद त्यातून मिळते, असे दिसून आले आहे. आपल्या प्लायवूड उद्योगालाही पॉप्लर आणि निलगिरी यांचाच मोठा आधार असल्याने हे अभ्यास आपल्याला जवळचे आहेत.

एवढे गुण असताना बाजार या फळ्यांनी भरून का गेला नाही? याला चार अडचणी आहेत, आणि खरेदी करणाऱ्याने त्या जाणून घ्याव्यात.

पहिली अडचण स्वभावाची. लाकूड जलप्रेमी आहे. पॉलिइथिलीन तेलाच्या जातीचे. तेल आणि पाणी यांना एकत्र नांदवायचे तर मध्यस्थ लागतो. मॅलेइक अॅनहायड्राइड हा रेणू पॉलिइथिलीनच्या साखळीवर कलम करतात. साखळीचे अंग प्लास्टिकात मिसळते आणि कलमाचे टोक लाकडातील हायड्रॉक्सिल गटांशी बंध जोडते. अशा मध्यस्थाने जोड पाण्यात अधिक टिकतो, पण खर्चही वाढतो.

दुसरी अडचण चिक्कीची. पाटावर लाटलेली चिक्की गरम असतानाच उचलू गेलात तर हातात तुकडा येत नाही, तार येते. तसेच येथे होते. युरिया रेझिनाची फळी दाबयंत्रातून गरम असतानाच बाहेर काढतात, कारण तोवर जाळे तयार झालेले असते. प्लास्टिकची फळी मात्र दाबाखालीच थंड करावी लागते. घाई केली तर पापुद्र्यांतील ओलाव्याची वाफ मऊ जोड फाडून बाहेर पडते आणि फळीला फुगे येतात. प्रत्येक खेपेला यंत्र तापवायचे आणि निववायचे, किंवा गठ्ठा चपळाईने दुसऱ्या थंड यंत्रात न्यायचा. दोन्हींत वेळ जातो आणि इंधन जळते. माझ्या मते या फळ्यांचा प्रसार रोखणारे सर्वांत मोठे कारण हेच आहे. रसायनापेक्षा घड्याळानेच त्यांची अडवणूक केली आहे.

तिसरी अडचण उष्णतेची. जे उष्णतेने जुळले, ते उष्णतेने सैल होणार. पॉलिइथिलीन १३० अंशांना वितळत असले तरी त्याची ताकद ६०-७० अंशांपासूनच लक्षणीय घटते. पत्र्याच्या छपराखाली अथवा थेट उन्हात फळी एवढी तापू शकते. आगीत तर अशी फळी वितळून सुटी होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

चौथी अडचण ओझ्याची. पॉलिइथिलीनचा जोडही दीर्घकाळच्या भाराखाली सरकतो. ग्रंथालयाला हे विशेष लागू आहे. मीटरभर लांबीची, पुस्तकांनी गच्च भरलेली एक ओळ सहज २५ किलोंच्या घरात जाते, आणि ती वर्षानुवर्षे हलत नाही. अशा भारापेक्षा चालत्या गाडीचा धक्का परवडला.

या संदर्भात टाकाऊ प्लास्टिकचा विचार आवर्जून करावा लागतो. दुधाच्या पिशव्या, वेष्टने हे सारे पॉलिइथिलीनच आहे. ते धुऊन, निवडून लाकडाच्या भुश्शाबरोबर किंवा उसाच्या चिपाडाबरोबर दाबले तर फळी होते. याचे चालते-बोलते उदाहरण म्हणजे दूध आणि फळांच्या रसाचे कागदी खोके. त्यात साधारणपणे ७५ टक्के कागद, २० टक्के पॉलिइथिलीन आणि ५ टक्के अॅल्युमिनियम असते. खोक्यांचे तुकडे करून ते तापत्या यंत्रात दाबले की त्यांतलेच पॉलिइथिलीन वितळून कागदाच्या तंतूंना बांधते. वेगळे चिकटद्रव्य लागत नाही. भारतात अशा फळ्या तयार होतात आणि त्यांची शाळांसाठी बाकेही केली गेली आहेत. परंतु निवड काटेकोर हवी. बाटल्यांचे प्लास्टिक, पीईटी, सुमारे २५० अंशांना वितळते. तोवर लाकूड करपू लागलेले असते. पीव्हीसी अति तापले तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. 'कोणतेही प्लास्टिक घाला, फळी होते' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

येथेच डब्ल्यूपीसीचाही खुलासा करतो. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचा लगदा साच्यातून काढून ही फळी करतात. तिच्यात प्लास्टिक जोडणारे द्रव्य नसून फळीचे अंगच आहे. शिवाय या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फळ्या प्रत्यक्षात फुगवलेल्या पीव्हीसीच्या असतात. न्हाणीघराच्या दाराला त्या ठीक आहेत. पुस्तकांच्या भाराखाली त्या लवकर झोळतात.

ग्रंथालयात थर्मोप्लास्टिक आधीच किती ठिकाणी आले आहे, हेही पाहण्यासारखे आहे. आजच्या कागदी बांधणीच्या बहुतेक पुस्तकांचा कणा ईव्हीए नावाच्या थर्मोप्लास्टिकने चिकटवलेला असतो. ते १६० ते १८० अंशांना वितळवून पुठ्ठ्याच्या पाठीवर लावतात, काही सेकंदांत ते थंड होते आणि पुस्तक तयार होते. पुढे जुने झाले की ते ठिसूळ होते आणि पुस्तक उघडताना कडाडून तुटते. "नव्या पुस्तकांची पाने सुटतात, आजोबांच्या वेळची मात्र शाबूत आहेत" अशी तक्रार आपल्या देवघेव विभागात रोज ऐकू येते. तिचे मूळ येथे आहे. जुनी पुस्तके दोऱ्याने शिवलेली असत. आपले बांधणीकार दुरुस्तीला पांढरे द्रव्य वापरतात, ते चालू पुस्तकांना योग्य. दुर्मीळ ग्रंथांना मात्र गव्हाच्या खळीचाच वापर व्हावा. ती पुढे पाण्याने सोडवता येते. प्लास्टिकचा पापुद्रा कागदातून सुटता सुटत नाही.

आता मंडळापुढील प्रश्नाचे उत्तर देण्याचे धाडस करतो. आयुष्य लाकडात घालवलेल्या माणसाच्या तोंडी हे शोभणार नाही, तरीही सांगतो : दुर्मीळ ग्रंथ, हस्तलिखिते आणि जुनी छायाचित्रे यांच्या दालनात भट्टीत पक्का रंग दिलेल्या पोलादी मांडण्या असाव्यात. बंद कपाटातील फॉर्मॅल्डिहाइडचे पुढे फॉर्मिक आम्ल होते. नैसर्गिक लाकडातूनही आम्लवायू सुटतात. छायाचित्रांना आणि धातूला ते बाधतात.

सर्वसाधारण मांडण्यांसाठी फिनॉलिक रेझिनाचे बीडब्ल्यूआर प्लायवूड घ्यावे. कडेने पाहिले की त्याच्या जोडाच्या रेषा तांबूस-काळपट दिसतात. जाडी १८ किंवा १९ मिलिमीटर असावी, आणि दोन आधारांतले अंतर तीन फुटांच्या आत ठेवावे. उघड्या कडा बंद कराव्यात. मांडण्या बसवल्यावर खिडक्या उघड्या ठेवून काही आठवडे त्यांना वारा लागू द्यावा, आणि मगच पुस्तके चढवावीत.

बालविभागाचा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, आणि ती फळीच्या अगदी जवळ, जमिनीवर बसून वाचतात. तेथे साधा पार्टिकल बोर्ड अथवा शिक्का नसलेला एमडीएफ आणू नये. भिंतीचे अस्तर, सूचनाफलक, चित्रांच्या पाट्या, बसकी मेजे यांसाठी पॉलिइथिलीनने बांधलेल्या फळ्या जरूर वापराव्यात. तेथे ओझे थोडे असते, ऊन नसते आणि या फळ्यांचा मुख्य गुण, म्हणजे वायू न सुटणे, नेमका उपयोगी पडतो. पुस्तकांच्या मांडणीसाठी कोणी त्या देऊ केल्या तर तीन प्रश्न विचारावेत. प्लास्टिक कोणते? पाण्यातील आणि भाराखालील चाचणीचा दाखला आहे का? फळी दाबाखाली थंड केली आहे का?

आणि या उत्तरांवरही पूर्ण विसंबू नये. एक साधा प्रयोग आपणच करावा. नमुन्याची तीन फुटांची फळी दोन आधारांवर ठेवून तिच्यावर जुन्या वार्षिकांकांचे गठ्ठे रचावेत आणि एप्रिल-मे हे दोन महिने ती वरच्या मजल्यावर तशीच राहू द्यावी. पहिल्या दिवशी आणि नंतर दर आठवड्याला मध्यभागाची जमिनीपासूनची उंची मोजावी. फळी सुरुवातीला थोडी वाकेल, तो तिचा लवचीकपणा. ते क्षम्य आहे. परंतु दर आठवड्याला ती आणखी खाली येत राहिली, तर जोड सरकतो आहे असे समजून नमुना परत करावा. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक पट्टी, एक वही आणि शिस्त एवढ्यावर भागते.

सुतारासंबंधी दोन शब्द सांगतो. आपल्यासाठी कपाट करणारा कारागीर दिवसभर करवतीखालचा भुसा श्वासावाटे आत घेतो. फळ्या कापण्याचे काम उघड्यावर व्हावे आणि त्याला चांगला मुखपट्टा मिळावा, ही अट कंत्राटातच लिहावी. त्याला येणारा खर्च फार थोडा आहे.

शेवटी एक विनंती. प्रत्येक मांडणीच्या बाजूला एक लहान पट्टी लावावी : फळी कोणती, चिकटद्रव्य कोणते, बसवल्याचे वर्ष कोणते, देणगी कोणाची. आपण देणगीदाराचे नाव अगत्याने लिहितो, वस्तूची जात लिहीत नाही. पुढच्या पिढीच्या कार्यवाहांपुढे एखादी फळी झोळलेली अथवा सुटलेली येईल, तेव्हा ती कशाने बांधली होती हे त्यांना तर्काने शोधावे लागू नये. ग्रंथालय पुस्तकांची नोंद ठेवते. पुस्तके ज्यावर उभी असतात, त्याचीही ठेवावी.